चुलीमागे वाढलेला लामा

नेमेसियो सारापुरासारखा घुम्या माणूस आमच्या सिएनेगा चिका गावात दुसरा झाला नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर दहादा बोलले आहे. सत्तावीस वर्षं त्यानं बोरॅक्सच्या खाणीत काढली. तिथं तोंड उघडलं की पांढरी धूळ आत जाते म्हणून मिटून ठेवायची सवय लागली, असं त्याचं म्हणणं. मी म्हणते, सगळे बहाणे. त्याचा बापही तसाच होता, आणि तो तर कधी खाणीत गेला नव्हता.

पन्नाशीला आला तेव्हा बाप गेला आणि वीस-बावीस लामा, आमची लांब मानेची, लोकरीची, ओझ्याची जनावरं, मागे राहिले, म्हणून हा खाण सोडून परत आला. दोन वर्षांत बायको, असुंता, छातीच्या दुखण्यानं गेली. मुलगी खाली शहरात. ती रविवारी फोन करायची आणि हा टेकडीवर चढून फोन कानाला लावून उभा राहायचा. ती बोलायची, हा 'हूं' म्हणायचा. तिथून खाली उतरताना मी त्याला कितीदा पाहिलंय. डोळे लाल. वाऱ्यानं झाले, म्हणायचा.

त्याच सुमारास गावानं पाहुण्यांचा धंदा सुरू केला. परदेशी लोक यायचे, एकेक लामाचा दोर हातात घेऊन दिवसभर चालायचे. सकाळी आठला निघायचं, निवडुंगांच्या कोरड्या ओढ्यातून वर, झऱ्यापाशी जेवण, पुढं मिठाच्या मैदानाची कड गाठायची आणि दुपार कलायच्या आत परत. लामांच्या पाठीवर पाणी, भांडी, माझं जेवण. जेवण माझंच असायचं: उकडलेले बटाटे, शेळीचं चीज, वाफवलेल्या शेंगा, चार्कीचा, म्हणजे वाळवलेल्या मांसाचा, रस्सा. लामावर कुणी बसायचं नाही, हे मला दर वेळी सांगावं लागायचं, कारण दर वेळी एक तरी शहाणा विचारायचाच.

नेमेसियोचे लामा गावात सगळ्यांत चांगले. ओझं असं बांधायचा की ओढ्यातल्या दगडांवरून उतरतानासुद्धा एका बाजूला कलायचं नाही. पण पाहुणे परत आल्यावर मला हळूच विचारायचे, "ते आमच्यावर रागावलेत का?" कारण ते विचारायचे, ह्या डोंगराचं नाव काय, आणि हा सांगायचा, "डोंगर."

मग एका ऑगस्टमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात, प्यूमानं त्याची एक मादी मारली. तिचं पिल्लू नऊ दिवसांचं. नर. तपकिरी अंग आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याचं नाव पडलं लुसेरो, म्हणजे पहाटेचा तारा.

आता आमच्याकडं चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं की पोरकं नर पिल्लू कसं वाढवायचं. वाडग्यात, दगडी कुंपणाच्या आत, कळपाबरोबर ठेवायचं. दूध पाजायचं आणि पाठ फिरवून निघून यायचं. गोंजारायचं नाही, बोलायचं नाही, घरात तर आणायचंच नाही. जगलं तर जगलं. हे ऐकायला वाईट वाटतं, पण त्याला कारण आहे. लामा माणसाला थोडा भितो, म्हणून माणसाचं ऐकतो. ज्याला आपण कुशीत घेतो त्याला आपण माणूस वाटतच नाही, आपण त्याला दुसरा लामाच वाटतो. आणि वयात आलेले दोन नर समोरासमोर आले की काय करतात ते इथं सगळ्यांनी पाहिलंय. छातीनं धडक देऊन पाडतात, मानेनं दाबतात, आणि पडला की चावतात. कुठं चावतात ते विचारू नका.

हे सगळं नेमेसियोला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तो संध्याकाळी माझ्या दारात भांडं घेऊन उभा राहिला.

"शेळी व्यालीय ना तुमची?"

"व्यालीय. दूध देते. पण पिल्लू कुठंय?"

त्यानं भांडं पुढं केलं.

"नेमेसियो, पिल्लू कुठंय?"

"चुलीमागं. बाहेर पाणी गोठतंय. फक्त आजची रात्र."

"तुमचा बाप असता तर कान उपटला असता तुमचा."

"बाप नाही आता," तो म्हणाला. मी भांडं भरून दिलं.

ती एक रात्र चार महिने चालली. आणि मी रोज दूध देत राहिले, हे गावातले लोक सोयीनं विसरतात, मी विसरत नाही. एकदा भांडं परत न्यायला गेले तर आतून बोलण्याचा आवाज. मला वाटलं मुलगी आली. दारातून डोकावले तर हा चुलीपाशी मांडी घालून बसलेला, पिल्लू त्याच्या गुडघ्याला टेकलेलं, आणि हा त्याला खाणीतल्या मुकादमाची गोष्ट सांगतोय. नकला करत. हातवारे करत. मी वीस वर्षांत त्याला सलग तीन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. मी पावलं न वाजवता मागे फिरले. तेव्हाच आत जाऊन, अरे वेड्या, त्याला आत्ताच्या आत्ता वाडग्यात सोड, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. मला तो माणूस बोलताना बघून बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं की चूक दिसत असून मी ती झाकली.

त्यानंतरच्या दुसऱ्या कार्निव्हलच्या सणाला लुसेरोचं लग्न लागलं. आमच्यात तरण्या लामांची जोडी लावतात, शेजारी बसवून कानांत लोकरीचे गोंडे ओवतात, तोंडात चिचा, म्हणजे मक्याची दारू, ओततात आणि मग माणसंही ओतून घेतात. नवरी माझ्या कळपातली. म्हणजे नेमेसियो आणि मी व्याही झालो. तेव्हापासून तो मला विहीणबाई म्हणायला लागला आणि मी त्याला व्याहीबुवा.

"हुंडा काय देताय, विहीणबाई?"

"चार महिने दूध पाजलंय तुमच्या पोराला. तुम्हीच काय ते द्या."

त्या दिवशी तो नाचला. खोटं सांगत नाही, सगळ्या गावानं पाहिलं.

ओझ्याचा नर वेळेत खच्ची करतात. त्याच दिवशी लुसेरोचंही व्हायचं होतं. नेमेसियो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, जनावर गरीब आहे. खरंच गरीब होतं. पाहुण्यांच्या खिशात तोंड घालायचं, फोटोसाठी मान तिरपी करायचं, लोक वेडे व्हायचे त्याच्यासाठी. नेमेसियोनं त्याला सगळ्यांत पुढं चालवायला घेतलं, गळ्यात घंटा बांधली. आणि त्याच्याबद्दल लोक विचारायचे म्हणून हा सांगायला लागला. लुसेरोपासून सुरुवात व्हायची, मग प्यूमा, मग बाप कसा मीठ घेऊन आठ-आठ दिवस चालत खालच्या दऱ्यांत मक्याच्या बदल्यात द्यायला जायचा, मग असुंता. डोंगराला आता नाव असायचं आणि त्या नावामागची भानगडही असायची. एका बाईनं निघताना त्याला मिठीच मारली. घरी येईपर्यंत त्याचे कान लाल होते. मी महिनाभर चिडवलं त्याला.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो लंगडत आला. बरगडीपाशी हात धरलेला.

"काय झालं?"

"घसरलो. खडीवरून."

"खडी तुमच्या छातीवर चढली होती काय?" शर्टाच्या उघड्या गळ्यातून काळंनिळं दिसत होतं.

"विहीणबाई, कुणाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा गप्प बसले. त्याच आठवड्यात त्यानं लुसेरोला खच्ची करून घेतलं. पण एवढ्या उशिरा करून काय उपयोग? वयात यायच्या आधी केलं तरच गुण येतो, नंतर नाही. चार-पाच महिने लुसेरो निवळला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं की झालं, टळलं.

मग तो डच मास्तर आला. हेंद्रिक नाव, ताडमाड उंच, स्वभावानं लोण्यासारखा. झऱ्यापाशी जेवण झालं, मी भांडी विसळत होते. हेंद्रिकनं कुणाला तरी फोटो काढायला सांगितला आणि मजेत नेमेसियोच्या खांद्यावर हात टाकला. बस, एवढंच. वीस पावलांवर लुसेरो चरत होता. त्यानं मान वर केली. कान मागे गेले. मला ते दिसलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तो सुटला होता.

त्यानं हेंद्रिकच्या छातीवर धडक दिली. एवढा उंच माणूस दगडांवर आडवा झाला. लुसेरो गुडघे टेकून त्याच्यावर बसला आणि पायांना चावायला लागला. नेमेसियोनं त्याच्या गळ्याला मिठी घालून मागे ओढलं, मी किटलीनं त्याच्या पाठीवर मारत होते, गरम पाणी माझ्याच पायावर सांडलं तेही नंतर कळलं. शेवटी एकदाचा उठला. आणि उठून काय केलं असेल? नेमेसियोच्या मागे जाऊन उभा राहिला, त्याच्या मानेला नाक लावून. जणू मोठं काम करून आला होता.

हेंद्रिकचं गळ्याजवळचं हाड मोडलं. माझ्या शालीत हात बांधून त्याला दोन तास चालवत आणलं. वाटेत तो बिचारा मलाच विचारत होता, लामाला लागलं का हो. पाहुण्यांनी तक्रार केली नाही. पण त्याला तसा येताना साऱ्या गावानं पाहिलं होतं.

सभा शाळेच्या खोलीत भरली. आमच्या गावसभेची अध्यक्ष देल्फिना, नेमेसियोच्या मुलीची बालमैत्रीण. तिला हे बोलायचं जिवावर आलं होतं, ते दिसत होतं.

"काका, ह्याच्या आधी कधी झालं होतं?"

नेमेसियो खाली बघत होता. मी उठले. "झालं होतं. ह्यांना पाडलं होतं. मला माहीत होतं."

"काकू, तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही त्याला पाहुण्यांबरोबर नेलंत?"

"नेलं."

पुढं बसलेल्यांनी माना वळवून माझ्याकडं पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

"मी पाहुणे सोडतो," नेमेसियो म्हणाला. "लुसेरो वाडग्यात राहील. दोर बांधून."

"काका, शाळेची वाट तुमच्या वाडग्याला लागून जाते," देल्फिना म्हणाली. "भिंत कमरेएवढी. पोरं त्याला हाका मारतात, तो उडी मारून येतो. पंधरा दिवस घ्या. पण लुसेरो गावात नको."

गावात नको म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. असं जनावर दुसरं गाव घेत नाही. मेंढपाळाला फसवता येत नाही, तो कानांवरून ओळखतो.

पण दहाव्या दिवशी खालच्या खोऱ्यातला एक हॉटेलवाला गाडी घेऊन आला. त्यानं कुणाच्या तरी फोटोत लुसेरो पाहिला होता. अंगणात बांधायला, पाहुण्यांनी शेजारी उभं राहायला, असा देखणा लामा त्याला हवा होता. बदल्यात हिवाळाभराचा लसूणघास, गाडीनं घरपोच. सभेचं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला लामातलं काही कळत नव्हतं, हे तर तो लुसेरोच्या समोर जाऊन त्याच्या डोळ्यांत बघत उभा राहिला तेव्हाच दिसलं. लुसेरो त्या दिवशी शहाण्यासारखा वागला. त्याच्या टोपीचा वास घेतला, मान तिरपी केली.

मी नेमेसियोला बाजूला ओढलं. "द्या. गप्प बसा आणि द्या. तिकडं तो जगेल तरी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग हॉटेलवाल्याकडं गेला.

"तुमच्याकडं लहान मुलं येतात?"

"येतात की. पोरांसाठीच तर हवाय."

नेमेसियोनं खिशातून कोकाची पानं काढली, तोंडात सारली, चघळत राहिला. मला वाटलं आता मान हलवेल. मी मनात म्हणत होते, हलव, बाबा, एकदा हलव. जन्मभर गप्प बसलास, आजच्या दिवस बस.

"विकायचा नाही," तो म्हणाला.

"का? आजारी आहे?"

"आजारी नाही. मी बिघडवलाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. चुलीमागची जागा, दूध, माझं नाव तेवढं वगळून सगळं. ज्या नव्या जिभेनं तो पाहुण्यांना गोष्टी सांगायचा, तिनंच. हॉटेलवाला त्याचे आभार मानून निघून गेला.

मला असा संताप आला. "ती जीभ तुम्हाला कुणी दिली?" मी म्हणाले. "त्यानंच ना? आणि तिनंच त्याला मारलंत." हे बोलायला नको होतं. पण बोलले. दोन दिवस मी त्याच्या दारावरून गेले नाही. घरात नुसती धुसफुसत होते. आमचे हे म्हणाले, "एखाद्या पोराची बरगडी मोडली असती तर तूच पहिली त्याच्या नावानं शंख केला असतास." ते खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

चौदाव्या दिवशी नेमेसियो स्वतःच आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"विहीणबाई, उद्या उजाडताना या. व्याही लागतात. व्याह्यांनाही सांगा."

लागतात, हे खरं. आमच्यात लामा मालकानंच कापायचा, आणि धरायला सोयरे. एकानं मान धरायची, एकानं मागचे पाय, दोर बांधून. कारण लामाला कळतं. तो धडपडतो, ओरडतो, थुंकतो, चांगल्या गड्याला लोळवतो. मालक त्याचं तोंड उगवतीकडं करतो, जिभेवर कोकाची पानं ठेवतो आणि का मारतोय ते त्याला सांगून माफी मागतो. मगच सुरी.

आम्ही गेलो तेव्हा डोंगराच्या माथ्यावर नुकतं उजळत होतं. थंडीनं बोटं वळत नव्हती. आमच्या ह्यांच्या खांद्यावर दोर होता. नेमेसियो वाडग्याच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसलेला. स्वच्छ शर्ट, केस ओले करून विंचरलेले. त्याच्या मागे सुरी कापडात गुंडाळलेली. बाकीचे लामा कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे होते. जनावरांना वास येतो.

लुसेरो त्यांच्यात नव्हता. तो भिंतीपाशी एकटा उभा राहून आमच्याकडं बघत होता.

"दोर टाकू का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"थांबा," नेमेसियो म्हणाला. मग लुसेरोला म्हणाला, "ये."

तो आला. रोज येतो तसा, घाई न करता. आमच्या ह्यांना वळसा घालून आला, माझ्या अंगाला घासून गेला, आणि नेमेसियोच्या पुढ्यात त्यानं पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि बसला. लांब मान नेमेसियोच्या मांडीवर टाकली. त्याच्या शर्टाच्या बाहीचं टोक तोंडात घेतलं आणि दूध ओढावं तसं चोखायला लागला. तीन वर्षांचा, शंभर किलोंचा नर.

नेमेसियोनं बाही सोडवून घेतली नाही. दुसऱ्या हातानं पानं काढली, त्याच्या ओठांत सारली. मग त्याच्या कानाशी वाकून बोलला. किती वेळ, सांगता येणार नाही, पण पुष्कळ बोलला. मला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं: "तुझं काही चुकलं नाही." आमचे हे तोंड फिरवून उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरचा दोर तसाच होता.

लामाला धरावं लागतं, कारण तो माणसाला भितो. लुसेरोला ती भीती आम्ही शिकवलीच नव्हती. मी पाय धरायला आले होते आणि धरायला काही नव्हतं. मी नुसती त्याच्याजवळ बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि सुरी कापडातून निघाली तरी ती पाठ माझ्या हाताखाली एकदाही दचकली नाही.